सहीनंतरची भानगड: शेजारचे मुक्त व्यापार करार वाचायचे कसे?

तागडी (धागालेखक)

कराराची बातमी आली की फोटो ठरलेला: दोन मंत्री, दोन फायली, मागे झेंडे. मजकूरही ठरलेला: "नव्वद टक्क्यांहून अधिक वस्तूंवर शुल्क शून्य". त्या एका ओळीवरून लोक दोन तट पाडून भांडतात. खरी मेख मागच्या जोडपत्रांत असते आणि ती उघडायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. म्हणून हा धागा.

भारताच्या आजूबाजूपुरतं बोलू. श्रीलंकेशी करार २८ डिसेंबर १९९८ ला झाला आणि १ मार्च २००० पासून अमलात आला. थायलंडशी २००४ मध्ये ८२ वस्तूंची पहिली खेप, २००५ मध्ये सिंगापूर, २००६ मध्ये दक्षिण आशियाचा साफ्टा, १ जानेवारी २०१० पासून आसियान. २०११ मध्ये मलेशिया आणि जपान. नंतर दहा वर्षं दुष्काळ. २०२१ चा मॉरिशस सोडला तर थेट युएई, १ मे २०२२ पासून. ओमानशी सही झाली १८ डिसेंबर २०२५ ला, मस्कतमध्ये.

कुठलाही करार हातात घेतला की एक वस्तू धरायची आणि तिच्यापुरत्या तीन गोष्टी शोधायच्या. एक, समोरच्या देशाचा सर्वांसाठीचा दर, म्हणजे एमएफएन दर. दोन, करारातला सवलतीचा दर, आणि तो आज लागू आहे की पाच-दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने येणार आहे. तीन, ती सवलत मिळायला माल "आपल्या देशाचा" कसा ठरतो.

पहिलीच गोष्ट लोक विसरतात. सिंगापुरात बिअरसारखी मोजकी मद्यं सोडली तर कुणालाच आयात शुल्क नाही. तिथे वस्तूंवर "शून्य शुल्क" मिळवलं म्हणजे काय मिळवलं? युएईत सर्वसाधारण दर ५%, म्हणजे दहा लाख दिरहमच्या मालावर बचत पन्नास हजार, त्यातून कागदपत्रांचा खर्च वजा. आपले दर मुळात चढे, त्यामुळे तितक्याच ओळी शून्यावर आणल्या तर आपण सोडलेलं शुल्क जास्त. वाटाघाटीत आपली माणसं चिवटपणा करतात त्याचं निम्मं कारण हे.

उंटावरचा शहाणा

इतकी कीस काढायची गरजच काय? आसियानशी तूट २०१०-११ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर होती, २०२२-२३ मध्ये साधारण ४३.५ अब्ज. करार फसला, विषय संपला.

तागडी

आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. २०२२-२३ च्या ८७ अब्ज डॉलरच्या आयातीत इंडोनेशियाचा कोळसा आणि इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल फार मोठं आहे. आपली औष्णिक केंद्रं आणि वडे-भज्यांच्या कढया करार नसतानाही ते मागवणारच होत्या. तूट हा कराराचा मार्कशीट नव्हे.

करारामुळे जिथे खरंच दुखलं ती जागा वेगळी आहे: उलटं शुल्क. तयार वस्तू आसियान किंवा कोरियातून शून्य दराने येते आणि तीच वस्तू इथे बनवायला लागणारा कच्चा माल करार नसलेल्या देशातून ५ किंवा साडेसात टक्के भरून आणावा लागतो. कारखानदाराच्या हातात दोनच वाटा उरतात, तोटा पत्करावा नाहीतर कारखाना बंद करून ट्रेडिंगला बसावं. थायलंडच्या ८२ वस्तूंच्या यादीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूब होत्या, तेव्हाच हा धडा मिळाला होता. आसियान कराराचा फेरआढावा घ्यायचं सप्टेंबर २०२३ मध्ये ठरलं तेही या तक्रारींचा ढीग साचल्यावर.

बीएल_हरवली

तिसऱ्या गोष्टीवर सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के भानगडी तिथल्या.

माल पूर्णपणे त्या देशात पिकलेला किंवा खणून काढलेला असेल तर प्रश्न नाही. बाहेरचा माल घालून वस्तू बनवली असेल तर साधारण दोन कसोट्या लागतात. कधी दोन्ही, कधी एक.

पहिली कसोटी मूल्यवर्धनाची. सूत्र सोपं आहे: एफओबी किमतीतून (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) परक्या कच्च्या मालाची सीआयएफ किंमत (भाडं आणि विमा धरून) वजा करा, उरलेल्याला एफओबीने भागा, शंभराने गुणा. एफओबी १,००० रुपये आणि परका माल ६२० चा, तर उत्तर ३८%. आसियान करारात सर्वसाधारण मर्यादा ३५% आहे, तिथे हा माल पास. युएई करारात बऱ्याच वस्तूंना ४०% लागतात, तिथे नापास. कारखाना तोच, मशीन तेच, एका देशात "भारतीय" आणि दुसऱ्यात नाही.

यात तीन ठिकाणी चुका होतात. भिवंडीच्या किंवा वाशीच्या व्यापाऱ्याकडून रुपयांत घेतलेलं रसायन लोक देशी धरतात. ते मुळात आयात केलेलं असेल तर परकं. पुरवठादाराचं लेखी घोषणापत्र नसेल तरी परकंच धरायचं. दुसरी चूक म्हणजे ऑर्डर घेताना हिशेब एकदा करायचा आणि वर्षभर तोच चालवायचा. विक्रीचा भाव रुपयांत बांधलेला आहे आणि कच्चा माल डॉलरमध्ये येतो, तर रुपया घसरला की ४१ चे ३९ कधी झाले ते कळतही नाही. तिसरी, एफओबीमध्ये समुद्रभाडं आणि विमा मिसळणं. त्याने टक्केवारी फुगते आणि तपासणीत पहिल्या तासात सापडते.

दुसरी कसोटी एचएस कोड, म्हणजे वस्तूच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, बदलण्याची. परक्या कच्च्या मालाचा कोड आणि तयार वस्तूचा कोड वेगळा झाला पाहिजे. काही करारांत पहिल्या चार आकड्यांत, काहींत सहा आकड्यांत बदल झाला तरी चालतो. चार की सहा हा फरक वाचायला क्षुल्लक वाटतो. तेलाचं उदाहरण घेतलं तर अब्जावधींचा निघतो. सरकी, तुम्ही सांगा, तुमचा प्रांत आहे.

सरकी

सांगते. कच्चं सोयातेल १५०७.१०, रिफाइंड १५०७.९०. पहिले चार आकडे तेच. म्हणजे सहा आकड्यांची कसोटी असेल तर नुसतं रिफाइन करून कोड बदलतो, चार आकड्यांची असेल तर बदलत नाही. पामतेलाचं तसंच, १५११.१० आणि १५११.९०. पण पामतेलाचा वनस्पती (डालडासारखं तूप) केला की तो १५१६ मध्ये जातो, चार आकडे बदलतात, कसोटी पार.

आता हे शेजारावर लावून बघा. १४ सप्टेंबर २०२४ पासून आपण कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी शुल्क ५.५ वरून २७.५% आणि रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५% केलं. हेतू सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा, कारण लातूर-वाशिमकडे बाजारभाव हमीभावाच्या खाली होता. पण नेपाळमधून येणाऱ्या मालाला शुल्क नाही. नेपाळात सोयाबीन जेमतेम पिकतं, आणि तरी तिथून रिफाइंड सोयातेलाचा लोंढा सुरू झाला. कच्चं तेल समुद्रमार्गे आपल्याच पूर्वेकडच्या बंदरात उतरायचं, नेपाळात जायचं, रिफाइन व्हायचं आणि परत यायचं. येण्याजाण्याचं भाडं धरूनही परवडत होतं, कारण ३५.७५% ची भिंत चढायचीच नव्हती.

भारत-नेपाळ व्यापार तहात तिसऱ्या देशाचा माल ७०% पेक्षा जास्त नको आणि कोडचे चार आकडे बदललेले हवेत, अशी अट आहे. इथल्या तेल उद्योगाची तक्रार नेमकी हीच: कागदावर जी अट आहे ती नाक्यावर लागते का?

३१ मे २०२५ पासून कच्च्या तेलाचं प्रभावी शुल्क १६.५% वर आणलं, रिफाइंडचं तसंच ठेवलं. त्यामुळे इथल्या रिफायनरीला श्वास मिळाला. सोयाबीनवाल्याला काय मिळालं ते मोंढ्यात जाऊन विचारा.

अडत्या

+१. शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

रोठा

तेलाआधीचा धडा श्रीलंकेचा आहे, तो कुणी वाचला असता तर नेपाळचं आश्चर्य वाटलं नसतं.

२००० नंतर श्रीलंकेत वनस्पतीचे कारखाने उभे राहिले. त्यात भांडवल बरंचसं भारतीयांचंच. श्रीलंकेत पामतेलावर शुल्क कमी, भारतात भरमसाट. तिकडे पामतेल उतरवा, वनस्पती करा, करारातून शून्य दराने इकडे आणा. शेवटी भारताने वर्षाला अडीच लाख टनांचा कोटा बांधून घेतला. गंमत पुढे आहे. २००८ मध्ये महागाईमुळे भारताने कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क शून्य केलं आणि त्या कारखान्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. दोन देशांच्या दरांतला फरक हाच त्यांचा कच्चा माल होता.

मिरीचंही तेच. एमएफएन दर ७०%, आसियानमधून आली तर पन्नासच्या आसपास, श्रीलंकेतून द्विपक्षीय करारात २,५०० टनांपर्यंत शून्य आणि पुढे साफ्टाखाली ८%. व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे "श्रीलंकेची" होऊन येते अशी ओरड केरळ आणि कोडगूतून सुरू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने सरळ किमान आयात किंमत लावली, किलोला ५०० रुपये.

सुपारी तर आमच्या दारातली. एमएफएन दर १००%, वर फेब्रुवारी २०२३ पासून किमान आयात किंमत किलोला ३५१ रुपये. श्रीवर्धनच्या वाड्या आणि गोव्यातली कुळागरं या दोन आकड्यांच्या आडोशाला उभी आहेत. मग पळवाट निघाली: सुपारी "भाजलेली" आहे म्हणायचं, कोड ०८०२ ऐवजी २००८ मध्ये ढकलायचा, तिथे दर वेगळा आणि किमान किंमत नाही. भाजली म्हणजे किती भाजली, यावर वाद थेट न्यायालयांपर्यंत गेले. २०२५ मध्ये भाजलेल्या सुपारीलाही तीच किमान किंमत लावावी लागली.

उलट भूतानची हिरवी सुपारी, वर्षाला १७,००० टनांपर्यंत, किमान किमतीच्या अटीशिवाय जयगावच्या नाक्यातून येऊ द्यायचं २०२२ मध्ये आपणच ठरवलं. बागायतदाराने कपाळाला हात लावला, पण ते कृषीधोरण नव्हतंच.

उंटावरचा शहाणा

नव्हतंच? मग काय होतं? नेपाळने तेल ओतायचं, भूतानने सुपारी, लंकेने मिरी, आणि आपण कोटे बांधत बसायचं. एकदा दार लावून का टाकत नाही?

नकाशेवाला

कारण ते दार व्यापार खात्याच्या एकट्याच्या मालकीचं नाही, परराष्ट्र खात्याचाही त्यावर हात असतो. नेपाळच्या आणि भूतानच्या परकीय व्यापाराचा सिंहाचा वाटा भारताशीच आहे. आपल्या एकूण आयातीत त्यांचा आकडा चिमूटभर. त्या चिमटीचा त्रास आपल्या एखाद्या पिकाला खूप होतो हे खरं, पण तीच चिमूट बंद केली तर समोरच्या देशात सरकार हलतं. म्हणून दक्षिण आशियात भारताने मुद्दाम झुकतं माप दिलं. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा बांगलादेशच्या ४६ कापड-कपड्यांच्या ओळी शून्यावर आणल्या. दोन महिन्यांनी मालदीवमधल्या सार्क परिषदेत सगळ्या अल्पविकसित सदस्यांसाठी संवेदनशील यादी, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या वस्तूंची यादी, ४८० वरून २५ वर आणली. उरलेल्या २५ मध्ये मुख्यतः दारू आणि तंबाखू.

पण झुकतं माप दिलं म्हणून विश्वास मिळतोच असं नाही. श्रीलंकेशी सेवा आणि गुंतवणुकीसह मोठा करार २००८ मध्ये सहीला तयार होता, कोलंबोच्या सार्क परिषदेवेळी व्हायचा होता. तिथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी विरोध केला आणि तो राहिला तो राहिलाच. पुढे नाव बदलून बोलणी झाली, २०१८ ला थांबली, २०२३ ला परत सुरू झाली. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पहिल्या करारात त्यांना ८० लाख कपड्यांचा आणि दीड कोटी किलो चहाचा कोटा मिळाला होता, पण सुरुवातीला माल ठरावीक बंदरांतूनच आणायचा आणि बऱ्याच कपड्यांना कापड भारतीयच वापरायचं अशी अट होती. कोटा कागदावर राहिला. शुल्क शून्य करून बंदराची अट घालणं म्हणजे जेवायला बोलावून ताट न मांडणं.

बिमस्टेकचं, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचं, तर विचारूच नका. चौकटीचा करार २००४ चा, मुक्त व्यापार अजून चौकटीतच. साफ्टाला सार्कची साथ हवी, आणि सार्कची शेवटची शिखर परिषद काठमांडूला नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली.

चिंधी

बांगलादेशचा विषय निघालाच आहे तर कपड्यांचं सांगते. इथल्या गारमेंटवाल्यांची जुनी तक्रार अशी: चिनी कापडावर आपण शुल्क लावतो, तेच कापड ढाक्यात शिवून शर्ट झाला की शून्य दराने येतो. कापड ५४ व्या प्रकरणातलं, शर्ट ६२ व्या, कोड बदलला. अल्पविकसित देशाला मूल्यवर्धन ३०% पुरतं, ते शिलाई-मजुरी आणि नफ्यात भरतं. म्हणजे इथे कुणी चोरी करतंय असं नव्हे, नियमच तसा आहे.

मग १७ मे २०२५ ला अधिसूचना आली: बांगलादेशचे तयार कपडे कुठल्याही जमिनीवरच्या नाक्यातून येणार नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतून. शुल्काला हात लावला नाही. फक्त पेट्रापोलच्या सीमानाक्यावर ट्रकने तीन-चार दिवसांत येणारा माल जहाजावर चढवावा लागला. हंगामी फॅशनच्या मालात उशीर म्हणजेच शुल्क.

आणि कॅलेंडरवर एक तारीख: २४ नोव्हेंबर २०२६, बांगलादेश अल्पविकसित गटातून बाहेर पडायची ठरलेली तारीख. ती पाळली गेली की साफ्टातली ती खास सवलत आपोआप पुढे चालू राहत नाही. नवा करार लागेल, आणि तेव्हा कापड कुणाचं हा प्रश्न पहिल्या पानावर येईल.

नकाशेवाला

चिंधी यांच्या मुद्द्यात भर. बंदर बदलणं, परवाना "मुक्त" वरून "निर्बंधित" करणं, किमान किंमत लावणं ही सगळी शुल्काबाहेरची हत्यारं. करारात शुल्क बांधलेलं असतं, ती मोकळी असतात. मलेशिया आठवा. २०१९ च्या सुरुवातीला रिफाइंड पामतेलावर मलेशियाला ४५% आणि इतरांना ५०% असा फरक पडला, कारण मलेशियाशी आपला वेगळा द्विपक्षीय करार आहे. आयात एकदम मलेशियाकडे वळली. सप्टेंबरमध्ये ५% जादा संरक्षक शुल्क लावून तो फरक मिटवला, करारातल्या कलमाप्रमाणे, रीतसर. त्याच महिन्यात मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथिर काश्मीरवर संयुक्त राष्ट्रांत बोलले. जानेवारी २०२० मध्ये रिफाइंड पामतेल "निर्बंधित" यादीत गेलं. अधिसूचनेत कुठल्याही देशाचं नाव नव्हतं. क्वालालंपूरला पत्ता बरोबर कळला.

सरकी

आणि त्या अधिसूचनेचा फायदा इथल्या रिफायनरीवाल्यांनाही झाला, हे विसरू नका. मुत्सद्देगिरी आणि धंदा एकाच बैलगाडीत बसले की गाडी पळते.

बीएल_हरवली

आयातदारांसाठी व्यवहाराचं लिहितो. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम, म्हणजे करारातली सवलत मागणाऱ्या आयातदारासाठीचे सीमाशुल्काचे नियम, लागू आहेत. त्याआधी मूळस्थानाचा दाखला, म्हणजे सीओओ, जोडला की काम संपायचं. आता दाखला ही फक्त सुरुवात. माल त्या देशाचा कसा ठरला ही माहिती आयातदाराकडे स्वतःकडे हवी: कोणती प्रक्रिया झाली, मूल्यवर्धन किती, कोणती कसोटी लावली. हे सगळं फॉर्म एक मध्ये भरून ठेवायचं, बिल ऑफ एन्ट्रीपासून (आयातीचं कस्टम्समधलं घोषणापत्र) पाच वर्षं जपायचं. अधिकाऱ्याने मागितलं तर दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. समाधान झालं नाही तर तो निर्यातदार देशाकडे पडताळणी पाठवतो. माल अडकू द्यायचा नसेल तर फरकाइतकी सुरक्षा देऊन तात्पुरत्या आकारणीवर सोडवायचा.

पुरवठादार म्हणतो, "आमचा कॉस्टिंगचा तपशील गुपित आहे, देणार नाही." ऑर्डर देण्याआधीच करारनाम्यात ओळ घालायची: माहिती द्यायची किंवा बंद पाकिटातून थेट आपल्या प्राधिकरणाला द्यायची, नाहीतर नाकारलेल्या सवलतीचं शुल्क आणि व्याज पुरवठादाराच्या माथी. ही ओळ नसेल तर जोखीम शंभर टक्के तुमची.

पडताळणी न करताच दावा फेटाळता येतो अशीही प्रकरणं आहेत: दाखला अपुरा भरलेला, खाडाखोड करून त्यावर प्राधिकरणाची सही नाही, मुदत संपलेली, किंवा करारात नसलेल्या वस्तूचा. अशा दाखल्यावर "लागू नाही" असा शेरा बसतो.

मार्च २०२५ पासून नियमांत "दाखला" ऐवजी "मूळस्थानाचा पुरावा" असा शब्द आला आहे. शब्द एवढासाच बदलला, पण त्यात निर्यातदाराचं स्वयंघोषणापत्रही बसतं, म्हणजे आयातदाराची जबाबदारी वाढली.

चिंधी

आणि इथून पाठवणाऱ्याने काय करायचं? सगळे आयातीवरच बोलतायत.

बीएल_हरवली

क्रम असा ठेवा.

आधी खरेदीदाराकडून त्याच्या देशातला आठ आकडी कोड लेखी घ्या. पहिले सहा जगभर सारखे, पुढचे प्रत्येकाचे वेगळे, आणि सवलत त्या पुढच्या आकड्यांवर ठरते. मग करारातल्या वस्तुनिहाय नियमांच्या जोडपत्रात तो कोड शोधा. सर्वसाधारण नियम वाचून थांबू नका, वस्तूचा स्वतःचा नियम असेल तर तोच लागतो. पोलादाला युएई करारात "वितळवून ओतलेलं" त्याच देशातलं हवं अशी अट आहे, नुसतं रोलिंग करून भागत नाही.

नंतर कॉस्टशीट, पुरवठादारांच्या घोषणापत्रांसह. मग डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) ऑनलाइन मंचावर आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि डिजिटल सहीने अर्ज. दाखल्यावरचा इन्व्हॉइस क्रमांक, वजन, कोड आणि शिपिंग बिलातले तेच तपशील अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. एका ठिकाणी नक्त वजन आणि दुसरीकडे ढोबळ वजन, एवढ्यावर खेप अडते.

आसियानच्या एआय फॉर्मला, म्हणजे त्या करारातल्या मूळस्थानाच्या दाखल्याला, वेळ जपा: निर्यातीच्या वेळी किंवा त्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत. उशीर झाला तर बारा महिन्यांपर्यंत मिळतो, पण त्यावर पूर्वलक्षी असल्याचा शेरा हवा. बिल तिसऱ्या देशातल्या कंपनीचं असेल, सिंगापूर किंवा दुबईचं बहुधा असतंच, तर त्यासाठीच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. सीएचए (कस्टम्सचा दलाल) विसरला तरी भोगता तुम्ही.

जहाज वाटेत बदलत असेल तर थेट वाहतुकीची अट आठवा. कोलंबोला किंवा दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर उतरून दुसऱ्या जहाजावर गेला तर चालतं, सीलबंद राहून, थ्रू बीएलवर (सबंध प्रवासाची एकच जहाज-पावती). मधे माल उघडून वेगळा पॅक केला की मूळस्थान गेलं.

तागडी

आखाताचं राहिलं. सहा आखाती देशांचा सीमाशुल्क संघ आहे, २००३ पासून बाहेरच्यांना बहुतेक वस्तूंवर एकच ५% दर. म्हणून आपण आधी सगळ्यांशी एकत्र बोलत होतो: चौकट २००४ ची, फेऱ्या २००६ आणि २००८ ला, मग त्यांच्याकडूनच सगळ्या देशांशी बोलणी थांबली. युएईशी वेगळं बोललो तर ८८ दिवसांत उरकलं. मात्र युएईची सवलत युएईपुरतीच. जेबेल अलीला शून्य दराने उतरवून सौदीला नेतो म्हणालात तर सौदीच्या सीमेवर तो करार कुणी विचारत नाही.

८८ दिवसांच्या घाईचा एक धागा सुटला तो मौल्यवान धातूंत. सोन्याला सावधपणे बांधलं होतं: कोटा पहिल्या वर्षी १२० टन, पाच वर्षांत २०० टन, आणि सवलत चालू दरापेक्षा फक्त १ टक्का कमी. दर वर गेला काय, खाली आला काय, फरक एकच टक्का. चांदीला मात्र दहा वर्षांत शून्यावर नेणारा ठरलेला जिना दिला. मग बाकीच्यांसाठी चांदीवरचा दर १५% झाला आणि करारातला ८% वर उतरला होता. सात टक्क्यांचा फरक! युएईत चांदीची खाण नाही, तरी चांदीचा पूर तिथून. झवेरी बाजाराला गणित शिकवावं लागत नाही. प्लॅटिनमच्या नावाखाली बहुतांश सोनंच असलेली मिश्र लगड आली, कारण थोडं प्लॅटिनम असलं तरी कोड प्लॅटिनमचा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्याचांदीवरचा दर ६% केला आणि चांदीची सवलत एका रात्रीत निरर्थक झाली, सर्वांसाठीचाच दर करारापेक्षा खाली गेला. श्रीलंकेच्या वनस्पतीचीच पुनरावृत्ती, फक्त डब्याऐवजी लगड.

उंटावरचा शहाणा

बरं, मागे घेतो माझं पहिलं विधान, अर्धं. मग आरसेपमधून (आसियान, चीन, जपान वगैरेंचा मोठा व्यापार करार) ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये उठून आलो ते बरोबर की चूक?

नकाशेवाला

एक अट सांगतो, मत तुमचं तुम्ही बनवा. शुल्क कुठल्या वर्षाच्या दरापासून कमी करायचं? बोलण्यांत पायाभूत वर्ष २०१४ धरलं होतं. मधल्या काळात आपण दर वाढवले; मोबाइलवर २०१४ मध्ये मूळ सीमाशुल्क शून्य होतं, २०१८ पर्यंत २०% झालं. २०१४ धरलं तर ही वाढ पहिल्याच दिवशी पुसली जाते. भारताने २०१९ मागितलं. शिवाय आयात ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शुल्क आपोआप परत लागावं अशी कळ मागितली, तीही मनासारखी मिळाली नाही. दुधाचा मुद्दा जास्त गाजला, कारण न्यूझीलंडच्या भुकटीवरचं ६०% शुल्क गेलं तर इथल्या संघांचं काय हे कुणालाही कळतं. पायाभूत वर्षावर मोर्चा निघत नाही.

रोठा

नकाशेवाला यांच्या आणि बीएल_हरवली यांच्या प्रतिसादांना जोडून एक: मूळस्थान नेहमी शुल्क चुकवायलाच लपवतात असं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २००% शुल्क लागलं आणि २ मे २०२५ पासून आयातच बंद, तिसऱ्या देशातून फिरून आलेलीही. जून २०२५ मध्ये न्हावा शेव्याला डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालय) ३९ कंटेनर पकडले, १,११५ टन, किंमत सुमारे ९ कोटी. कागदावर माल युएईचा. त्यात बरीचशी खारीक.

बीएल_हरवली

बरोबर, आणि ते सापडतं कसं हेही सांगून टाकतो. दुबईच्या दाखल्यावर विसंबायचं नाही, कंटेनर क्रमांकाचा मागचा प्रवास बघायचा. कराचीहून जेबेल अलीला आलेल्या डब्यातून माल काढून दुसऱ्या डब्यात भरला तरी तारखा, वजन आणि पैशाची वाट जुळते. ओमानचा करार अमलात आला की हाच खेळ तिथल्या सलालाह बंदरामार्गे होतो का, हे बघायला तपासनीस आधीच बसलेले असतील. तिथून खजूर, लोबान किंवा संगमरवर मागवणार असाल तर बागेचा किंवा खाणीचा कागद दाखल्याबरोबरच मागून घ्या, नंतर मागितला तर मिळत नाही.